तापमान बदलले की रायफलीचा नेम का बदलतो?

राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा पन्नाशीला भिडतो. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. सियाचीन हिमनदीवरील उंच चौक्यांवर हिवाळ्यात तोच पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. या दोन टोकांमध्ये शंभर अंशांचे अंतर आहे आणि भारतीय जवानाला एकाच नमुन्याची रायफल व एकाच प्रकारची काडतुसे घेऊन दोन्ही ठिकाणी पहारा द्यावा लागतो. एका ठिकाणी काटेकोरपणे बसवलेला नेम दुसऱ्या ठिकाणी मात्र तसाच राहत नाही. 'थंडीत गोळी खाली लागते, उन्हात वर लागते' असा एक ढोबळ नियम नेमबाजांमध्ये सांगितला जातो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. आणि हिमालयाच्या उंचीवर तर तो चक्क उलटा ठरू शकतो.

याचे पहिले कारण काडतुसाच्या आत आहे. चाप ओढल्यावर फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीवर आदळते आणि तिच्या ठिणगीने आतील धूरविरहित दारू पेटते. ही दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. तिचा स्फोट होत नाही. ती अतिशय वेगाने जळते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या वायूंचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो. दारू मुळातच गरम असेल तर ती अधिक वेगाने जळते, दाब वाढतो आणि गोळी अधिक वेगाने बाहेर पडते. दारू गारठलेली असेल तर याच्या उलट घडते. दारूच्या प्रकारानुसार आकडे बदलतात, तरीही दर अंश सेल्सिअसमागे वेगात साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका फरक पडतो, असा अंदाज सर्वसाधारण दारूसाठी धरता येतो. म्हणजेच तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर गोळीच्या वेगात सुमारे २५ मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडतो.

येथे लक्षात घ्यावयाचे तापमान हवेचे नसून काडतुसाचे असते, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. भर उन्हात वाहनाच्या टपावर ठेवलेली काडतुसे हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात, तर अंगावरील कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेली काडतुसे बर्फातही उबदार राहतात. एकाच पेटीतील, परंतु निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या दोन काडतुसांच्या गोळ्या त्यामुळे दूरच्या लक्ष्यावर वेगवेगळ्या उंचीवर लागू शकतात.

भारतातील उष्म्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पुढे आणला होता. ब्रिटिशांच्या त्या काळातील कॉर्डाइट या दारूच्या पहिल्या प्रकारात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असे आणि ती उष्णतेला विशेष संवेदनशील होती. इंग्लंडच्या थंड हवेत व्यवस्थित चालणारी काडतुसे भारतातील व आफ्रिकेतील उन्हात प्रमाणाबाहेर दाब निर्माण करीत. पितळी टरफल फुगून नळीच्या मागील कोठीत घट्ट बसे आणि बाहेर निघत नसे. समोर जखमी वाघ असताना रिकामे टरफल अडकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील बंदूक उत्पादकांनी उष्ण प्रदेशांसाठी कमी दारू भरलेली खास काडतुसे काढली. १९११ साली आलेल्या .४१६ रिग्बी या काडतुसाचे टरफल इतके मोठे ठेवण्यामागे दाब कमी राहावा, हेच प्रमुख कारण होते.

दुसरे कारण हवेत आहे. थंड हवा दाट असते व ती गोळीला अधिक अडवते. हवेचा दाब तोच राहिला आणि तापमान २० अंशांवरून उणे ३० अंशांवर आले, तर हवेची घनता सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. त्याचबरोबर ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंदांवरून सुमारे ३१३ मीटरपर्यंत घटतो. गोळीला होणारा हवेचा विरोध ध्वनीच्या वेगाशी असलेल्या तिच्या वेगाच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने ही घटही हिशेबात धरावी लागते.

या सर्वांचा परिणाम किती होतो? ७.६२ मिलिमीटर व्यासाची लष्करी रायफलची गोळी नळीतून सुमारे ८४० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. ६०० मीटरपर्यंत पोहोचण्यास तिला साधारण एक सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सुमारे चार मीटर खाली येते. रायफलीवरील दर्शक नेमका हाच फरक भरून काढण्यासाठी बसवलेला असतो. तापमान ५० अंशांनी उतरले तर केवळ दारूच्या मंदपणामुळे गोळी जवळजवळ एक वीतभर खाली लागते. त्यात दाट हवेचा परिणाम मिळवला तर हा फरक अर्ध्या मीटरहून अधिक होतो. छातीवर धरलेला नेम तेवढ्याने चुकतो. शंभर मीटरवर हाच फरक नगण्य असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मात्र हे गणित सपाटीवरील थंडीचे झाले. उंचीचा विचार केल्यास चित्र पालटते. समुद्रसपाटीपासून ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. तेथे उणे ३० अंशांची थंडी असली, तरी हवेची घनता समुद्रसपाटीवरील २० अंश तापमानाच्या हवेच्या सुमारे साठ टक्केच भरते. गारठलेल्या दारूमुळे वेग कमी होतो खरा, पण विरळ हवेमुळे तो टिकून राहतो आणि दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो. परिणामी मैदानात नेम बसवलेल्या रायफलीची गोळी त्या कडाक्याच्या थंडीतही लक्ष्याच्या वर लागते. शिवाय चढावर किंवा उतारावर तिरपा गोळीबार केला की गोळी आणखी वर जाते, कारण गुरुत्वाकर्षणाचा परिणाम तिरप्या अंतराच्या नव्हे, तर आडव्या अंतराच्या हिशेबाने मोजावा लागतो. १९९९ च्या कारगिल संघर्षात उभ्या कड्यांवर चढत लढणाऱ्या तुकड्यांपुढे असे सर्व प्रश्न एकाच वेळी उभे होते. तोफखान्यालाही विरळ हवेचा अनुभव आला. बोफोर्स तोफांचा पल्ला नेहमीपेक्षा वाढला आणि मैदानी प्रदेशासाठी तयार केलेली कोष्टके तेथे जशीच्या तशी उपयोगी पडली नाहीत.

कारगिलमध्येच आणखी एक उणीव उघड झाली. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने संरचना केलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल तेव्हा लष्करात नवी होती. तिचे प्लॅस्टिकचे मॅगझिन कडाक्याच्या थंडीत तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. थंडीत अनेक प्रकारचे प्लॅस्टिक लवचिकता गमावते व ठिसूळ होते. धातूचे तसे सहसा होत नाही. प्रयोगशाळेत किरकोळ वाटणारी ही बाब रणांगणावर किरकोळ राहत नाही, कारण मॅगझिन तडकले की काडतूस कोठीत नीट सरकत नाही आणि स्वयंचलित रायफल निकामी होते.

वंगणाचे दुखणे याहून जुने आहे. साधे तेल थंडीत घट्ट होते, फायरिंग पिनची हालचाल मंदावते आणि टोपीवरील आघात अपुरा पडून काडतूस पेटतच नाही. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या सैनिकांना हे ठाऊक होते. दोन वर्षांनी रशियाच्या हिवाळ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला मात्र गोठलेल्या वंगणाची किंमत मोजावी लागली. अतिथंड प्रदेशात म्हणूनच तेल अगदी पातळ व नावापुरते लावले जाते. दुसरा धोका उबेचा असतो. बाहेर गारठलेली रायफल बुखारी पेटवलेल्या बंकरमध्ये आणली की तिच्यावर दव साचते आणि पुन्हा बाहेर नेताच ते गोठून यंत्रणा जखडते. त्यामुळे शस्त्र शक्यतो बाहेरच्याच तापमानात, आडोशाला ठेवण्याची पद्धत आहे.

उष्णतेचे प्रताप वेगळे. सतत गोळीबाराने नळी व कोठी इतकी तापते की कोठीत राहून गेलेले काडतूस चाप न ओढताही पेट घेऊ शकते. अनेक मशीनगनमध्ये गोळीबार थांबताच कोठी रिकामी व उघडी राहील अशी रचना असते, ती याच कारणासाठी. तापलेल्या नळीवरून व जमिनीवरून उठणारी हवा लक्ष्याची प्रतिमा थरथरवते आणि लक्ष्य असते त्यापेक्षा किंचित वेगळ्या जागी दिसते. अनुभवी नेमबाज या थरथरीच्या दिशेवरून वाऱ्याचा अंदाजही बांधतात.

क्रीडा नेमबाजीतही तापमानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .२२ इंची काडतूस वापरले जाते. त्याच्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली असतो. थंडीत ध्वनीचाच वेग घटल्याने ही मर्यादा गोळीच्या वेगाजवळ येते. शिवाय गोळीवरील मेणचट वंगण कडक होते. म्हणून काडतुसांचा प्रत्येक गट स्वतःच्या रायफलीत तपासून मगच निवडला जातो.

उपायांचे काम कारखान्यापासून सुरू होते. तापमानाचा कमीत कमी परिणाम होईल अशी दारू बनवण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले असून ऑस्ट्रेलियात तयार होणारे तिचे काही प्रकार नेमबाजांमध्ये प्रसिद्ध आहेत. अमेरिकी लष्करी मानकांनुसार काडतुसे उणे ५४ ते अधिक ५२ अंशांपर्यंत तपासली जातात. भारतात ऊर्जाशील पदार्थांवरील संशोधन पुण्यातील सुतारवाडी येथील प्रयोगशाळेत होते. रायफलीची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे तयार होतात. तो कारखाना २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

दूर पल्ल्याचे नेमबाज आता तापमान, हवेचा दाब व वारा मोजणारी हातात मावणारी उपकरणे वापरतात आणि त्यांतील संगणक आवश्यक दुरुस्ती सांगतो. पण बॅटरीही थंडीत लवकर मान टाकते. त्यामुळे उंचावरील चौकीवर पोहोचल्यावर तेथल्याच हवेत, तेथल्याच गारठलेल्या काडतुसांनी नेम नव्याने बसवणे आणि मिळालेले आकडे कागदाच्या तक्त्यावर लिहून जवळ ठेवणे, ही जुनी रीत आजही सोडलेली नाही.