घरांतील साध्या वस्तु आणि मुलांची हस्तकला

हस्तकलेचा तास जवळ आला कीं घरोघरीं मुलांच्या मागण्यांस आरंभ होतो. कोणास रंगीत कागद हवा असतो, कोणास चकचकीत टिकल्या, तर कोणास थर्माकोलचा तक्ता. ज्या पालकांस शक्य असतें ते पैसे खर्चून या वस्तु आणून देतात. ज्यांस शक्य नसतें त्यांचें मूल त्या दिवशीं शाळाच चुकवितें. जो तास सर्वांत आनंदाचा व्हावयाचा, तोच गरीब मुलाच्या वांट्यास लज्जेचा यावा ही गोष्ट खेदाची आहे. आणि ती टाळतां येण्यासारखीहि आहे. डहाणू व तलासरी या आपल्या तालुक्यांत बांबू, माती, नारळाचीं पातीं, शिंपले, बिया, जुने कागद यांची वानवा नाहीं. उणीव असलीच तर ती या वस्तूंकडे पाहणाऱ्या दृष्टीची आहे.

मुलाच्या हातांस काम दिलें कीं त्याची बुद्धि जागी होते, हा विचार युरोपांत फ्रोबेल यानें १८३७ सालीं बालोद्यान काढून व डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरीं बालगृह उघडून जगापुढें मांडला. परंतु माँटेसरी पद्धतीचें साहित्य महाग. तें खेड्यांतील बालकास कोठून मिळावें? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच तालुक्यांत शोधलें गेलें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांजबरोबर काम केलेल्या श्रीमती ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि श्रीमती अनुताई वाघ त्यांच्या कार्यांत सामील झाल्या. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. विकतच्या साहित्याऐवजीं खडे, शिंपले, बिया, पानें व फुलें हींच तेथें मुलांचीं साधनें झालीं. त्यांवरच मुलें मोजावयास, निवडावयास व जुळवावयास शिकलीं. जीं मुलें गुरें राखावयास जात, त्यांच्यासाठीं तर शाळाच कुरणांत नेण्यांत आली. मुलाची परिस्थिति सुधारेपर्यंत शिक्षणानें थांबावयाचें नसतें. त्याच्या हातांत जें आहे तेथूनच आरंभ करावयाचा असतो, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

दुसरें उदाहरण चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचें. तेहि याच डहाणू तालुक्यांतील. लहानपणीं आई वारल्यावर त्यांनीं बोलणेंच सोडलें, आणि मनांतलें सांगावयाचें तें ते धुळींत चित्रें काढून सांगूं लागले, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. वारली स्त्रिया लग्नप्रसंगीं घराच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहीत आल्या आहेत. तीच कला मशे यांनीं कागदावर व कापडावर उतरवून देशोदेशीं पोंचविली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. धूळ व बोट यांस कांहींच मोल पडत नाहीं, हें ध्यानांत धरावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

(१) पिठाचें चित्र. मूठभर तांदूळ रात्रीं भिजत घालून सकाळीं बारीक वाटावे व त्यांत थोडें डिंकाचें पाणी मिसळावें. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यास गेरूचा हात देऊन तो वाळवावा. बांबूच्या काडीचें टोंक ठेचून मऊ केलें कीं कुंचला तयार झाला. दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून काढले म्हणजे मनुष्याचें धड होतें. त्यावर लहानसें वर्तुळ काढलें कीं डोकें. हें पीठ ओलें असतां फिकट दिसतें व वाळल्यावर पांढरें शुभ्र उमटतें. म्हणून तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवण्याची घाई करूं नये.

(२) पिपाणी व भिरभिरें. नारळाच्या पात्याची मधली हीर काढून टाकावी व उरलेली पट्टी तिरकी गुंडाळीत जावी. एक तोंड अरुंद व दुसरें रुंद अशी सुरळी झाली म्हणजे शेवट कांट्यानें टोंचून ठेवावा. अरुंद तोंड किंचित् चेपून फुंकावें. आपल्याकडील तारपा हें वाद्यहि भोपळा, बांबू व मेण अशाच वस्तूंचें बनतें. भिरभिऱ्यासाठीं जुन्या वहीच्या पानाचा चौकोन घ्यावा, चारहि कोंपऱ्यांपासून मध्याकडे कापीत जावें, पण मध्यापर्यंत कापूं नये. नंतर एकाआड एक टोंक मध्यावर आणून कांट्यानें काडीस टोंचावें. कागद व काडी यांच्यामध्यें पोकळ गवताच्या काडीचा तुकडा घातला म्हणजे तें मोकळें फिरतें.

(३) लगद्याची वाटी. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन दिवस पाण्यांत भिजवून चांगले कुटावे. त्यांत कणकेची शिजविलेली खळ व थोडी भिजवून वाटलेली मेथी घालून मळावें. मेथीनें लगद्यास चिकटपणा येतो. घरांतील एक वाटी पालथी घालून तिला तेलाचा हात लावावा, तिजवर लगद्याचा थर सारखा लिंपावा व तो खडखडीत वाळल्यावर अलगद सोडवावा. हें काम पावसाळ्यांत करूं नये. लगदा वाळण्यापूर्वींच त्यास बुरा येतो.

(४) बियांचें गणित. चिंचोके, शिंपले व आपल्याकडील चिकूच्या काळ्या चकाकणाऱ्या बिया धुवून वाळवाव्या. त्यांचे दहा दहांचे ढीग केले कीं एकं-दहं डोळ्यांस दिसूं लागतें. पुठ्ठ्यावर खळीनें चिकटविल्या तर नक्षी होते. चिकूच्या बीस एका बाजूस बारीक आंकडा असतो. ती लहान भावंडांच्या तोंडांत जाणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी.

(५) नाताळचा तारा. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या घ्याव्या. पांच पांच काड्यांचा एक, असे दोन पंचकोनी तारे बांधावे. एकावर एक ठेवून त्यांचीं पांचहि टोंकें दोऱ्यानें एकत्र बांधावीं, व आंतील पांच सांध्यांत आडव्या लहान काड्या बसवून ते मधोमध फुगवावे. मग वर पातळ कागद खळीनें चिकटवावा. काड्या सारख्या नसतील तर ताऱ्याचा एक पाय लंगडा होतो. मापाचें महत्त्व मुलास येथें कोणीं न सांगतांच कळतें.

या कामीं तीन नियम पाळावे. पहिला, साहित्य गळून पडलेलें अथवा टाकून दिलेलें घ्यावें. हिरवी फांदी उगाच मोडूं नये. दुसरा, काम मुलानें स्वतः करावें. पालकांनीं रात्रीं जागून केलेली सुबक वस्तु मुलास कांहीं शिकवीत नाहीं; त्याच्या हातची वांकडी वाटी मात्र पुष्कळ शिकविते. तिसरा नियम आम्हां शिक्षकांसाठीं: गुण द्यावयाचे ते वस्तूच्या झगमगाटास नव्हेत, तर करणाराच्या श्रमास व कल्पकतेस. हा तिसरा नियम पाळला गेला, तर हस्तकलेच्या दिवशीं कोणत्याहि मुलास शाळा चुकविण्याचें कारण उरणार नाहीं.

आपला प्रभु नासरेथांत सुतार म्हणून ओळखला जात होता, असें शुभवर्तमानांत म्हटलें आहे. हातांच्या कामास याहून मोठा मान तो कोणता? तरी बालमित्रांनो, येत्या सुट्टींत दुकानाकडे धांवण्यापूर्वीं आपल्या परसांत, पडवींत व समुद्रकांठीं एकवार डोळसपणें पाहा, आणि जें सांपडेल त्यास आपल्या हातांनीं नवें रूप द्या.