मागच्या सीटची फिर्याद

ताम्हिणी घाट मागे टाकून आम्ही मुळशीच्या पाण्याशी थांबलो. आमची ही मोटारसायकलवरून उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पुढच्या खेपेला तुम्ही एकटेच जा. मी एस्टीने येईन."

माणगावचे तिचे माहेर आणि पुण्यातले आमचे घर यांमधला प्रवास दोघांनी मोटारसायकलवरून करायचा, ही आमच्या संसारातली एकुलती एक चैन. त्यात दोन वर्षांपूर्वी तिचा मणका सरकलेला. फिर्याद हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

आमची गाडी क्रूझर जातीची. मीटिऑर किंवा अ‍ॅव्हेंजर ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे रूप ठाऊक आहे: बैठक खाली, हॅण्डल रुंद, पाय पुढे. रुबाब मोठा, पण त्याची किंमत मागे बसणारा मोजतो. बैठक खाली आणली की मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा थोडी उरते. शिवाय पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी चालवणाऱ्याला पायांवर भार घेऊन उठता येत नाही.

मी तडक दुकान गाठले. "सर, गॅसचे शॉकअप घ्या, एकदम पोलादी!" दुकानदार म्हणाला. चकचकीत जोडी, मूळच्यापेक्षा बोटभर लांब. बसवली. गाडी मागून उंच झाली, साइडस्टँडवर भलतीच कलली, आणि हिला चढताना माझ्या खांद्याचा आधार लागू लागला. सिंहगड रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाला मागून उद्गार आला, "हे नवे आहेत ना?"

मग मात्र मी, मराठीचा मास्तर, शब्दापासून सुरुवात केली. 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' हे नावच फसवे आहे. धक्का घेते ती बाहेरची स्प्रिंग. आतल्या नळीतले तेल धक्का घेत नाही. दबलेली स्प्रिंग उसळून परत येते, तिचा उत्साह ते आवरते. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेल रेटले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. आणि तो 'गॅस'? आपण त्यावर बसत नाही, बरे का! वाईट रस्त्यावर बराच वेळ गेल्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि तेलाची पकड सुटते; दाबाखालचा नायट्रोजन तो फेस होऊ देत नाही, इतकेच. स्प्रिंग चुकीची असेल तर गॅस बिचारा काय करणार?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक तरुण मिस्त्री आहे. त्याने जुनी जोडी परत बसवली आणि माझ्या हातात शिंप्याची टेप दिली. चाक अधांतरी उचलून आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजले. मग मी एकटा बसून, मग आम्ही दोघे, सामानासकट. (ही गल्लीत सर्वांदेखत बसायला तयार झाली, हे उपकारच.) चाकाची एकूण चाल १०० मिलिमीटर. मी एकटा असताना गाडी २८ बसली, दोघांनी ५२. म्हणजे खड्डा यायच्या आधीच निम्मी चाल संपलेली! साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा बसावी, असा ठोकताळा आहे.

स्प्रिंगच्या बुडाशी पाना लावून फिरवायचे टप्पे असतात. मीटिऑरला असे सहा आहेत. मी ते कधी हलवलेच नव्हते. शेवटच्या टप्प्यावर आकडा ४२ वर आला. पण टप्पा वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. पुष्कळांचे काम तेवढ्याने भागते आणि पैसे वाचतात. आमचे भागले नाही.

आता मी दुकानात गेलो तो प्रश्न घेऊन: "ही स्प्रिंग किती वजनासाठी?" त्या पोलादी जोडीची स्प्रिंग आमच्यापेक्षा पुष्कळ जड जोडप्यासाठी असावी, ती दबतच नव्हती, म्हणून धक्का सरळ कण्यात. नाममुद्रेचा मोह मी सोडला. स्वीडनच्या ओहलिन्सचा दबदबा मोठा, ती कंपनी १९७६ ची. मुंबईत १९६१ साली निघालेली गॅब्रिएल इंडिया तिच्याहून पंधरा वर्षांनी वडील. पण आपल्या वजनाची स्प्रिंग नसेल तर दोन्ही सारख्याच. नवी जोडी घेतली ती दोन्ही डोळ्यांमधले अंतर मूळच्याइतकेच असलेली, बुशच्या मापाला जुळणारी, आणि उसळी कमीजास्त करण्याचा चाप असलेली. आखूड जोडी घेऊन गाडी आणखी खाली बसवणारेही आहेत; त्यांच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांची मला काळजी वाटते.

चाप कसा लावायचा? सीट जोराने दाबून सोडायची. ती एकदा वर येऊन स्थिरावली की ठीक. डुलत राहिली तर आवळायचा, रेंगाळत वर आली तर सैल करायचा. दोघे बसल्यावर आता गाडी ३३ बसते. निघण्यापूर्वी टायरची हवाही पाहतो.

यंदा माणगावला जाताना हिने घाटात एकदाही खांदा दाबला नाही. विळ्याला चहा घेताना मी विचारले, "कंबर?" ती म्हणाली, "आहे जागेवर."

पोलादी जोडी मात्र दुकानदाराने परत घेतली नाही. ती माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत परवा खाली आली, तेव्हा हिने ती जुन्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि विचारले, "ह्या विद्वत्तेचे काय करायचे?"