कारवानचं पिल्लू देण्याआधी

कारवानी मादी माजावर आली की नर कुठला आणायचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, होणारी पिल्लं कुणाच्या दारात जाणार. खुलताबाद तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर कारवान सांभाळणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं. त्यांची चांदी नावाची मादी तेव्हा माजावर होती. "पाच-सहा घरं आधी पक्की झाली तरच जोडी लावायची. नाहीतर हा माज सोडून द्यायचा," ते म्हणाले. पुढचं सगळं पाहिल्यावर या एका वाक्यातच जबाबदार पैदास सामावली आहे, असं माझं मत झालं.

कारवान हा दख्खनच्या कोरड्या माळाचा कुत्रा. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, आखूड केस. कानाला आणि शेपटीला रेशमी झालर असली तर त्याला पश्मी म्हणतात. मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर शिकाऱ्यांच्या कुत्र्यांमधून निवड करून ही जात जोपासली; तिथे तिला मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट निघालं आणि 2016 मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. मान मिळाला तशी मागणी वाढली, आणि मागणीबरोबर घाईची पैदासही वाढली.

कारवान विकत घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. पोलिसांच्या श्वान पथकातला कुत्रा जमिनीला नाक लावून वासावर माग काढतो. कारवान डोळ्यांनी शिकार धरतो. लांबवर काही हललं की तो सुटतो, आणि एकदा सुटला की हाक ऐकत नाही. त्यामुळे बीड बायपाससारख्या वर्दळीच्या रस्त्यालगत त्याला मोकळा सोडणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. पूर्वी याच वेगावर ससे धरले जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती शिकार आता गुन्हा आहे. "रानात नेऊन दाखवतो याची कमाल" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काका चहा देतात, पिल्लू देत नाहीत.

पण धावणं तर त्याच्या रक्तात आहे. काकांनी कुंपण घातलेल्या पडीक तुकड्यात जुन्या मोटारसायकलच्या चाकावर लांब दोरी बसवली आहे. दोरीच्या टोकाला फडकं. चाक फिरलं की फडकं सापासारखं वळत पळतं आणि कुत्री त्यामागे झेपावतात. हे काम उजाडता उजाडता उरकतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात पळालेला कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो.

जोडी ठरवताना काकांची वही बाहेर येते. आई-बाप, आजा-आजी, कुणाला कोणता आजार झाला, कोण कितव्या वर्षी गेलं, सगळं त्यात आहे. एका वेताची भावंडं एकमेकांना लावायची नाहीत. नराची चाल, दात, छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. दोघांच्या रक्ताची ब्रुसेला तपासणी करायची, कारण या रोगाने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडचा संकर करणारे पुष्कळ आहेत. तो काकांना मान्य नाही. वेग मिळतो, पण माळावरच्या दगडधोंड्यांत टिकणारा कुत्रा हरवतो.

कायद्यानेही काही मर्यादा घातल्या आहेत. 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. दीड वर्षाच्या आतली मादी लावता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा विऊ देता येत नाही, आणि आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही.

गाभण राहिल्यापासून साधारण 63 दिवसांनी मादी विते. दिवस भरत आले तेव्हा चांदीची जागा गोठ्याच्या आडोशाला, गोणपाटावर धुतलेल्या जुन्या साड्या अंथरून केलेली होती. तिचा ताप रोज मोजला जाई. अंग नेहमीपेक्षा थंड लागलं की साधारण दिवसभरात वेणा सुरू होतात. ती रात्रीच व्यायली. पिल्लाच्या तोंडावरची पातळ पिशवी आईने चाटून काढली नाही तर काका फडक्याने पुसत, श्वास लागेपर्यंत अंग चोळत. मग तराजू. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा आणि वहीत वजनाची नोंद. चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे, म्हणून दांडग्या पिल्लाला बाजूला करून अशक्त पिल्लू सडाला लावायचं. सुरुवातीचे दोन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यामुळे हा पहारा रात्रीही चालतो.

डोळे उघडल्यावर शिक्षण सुरू होतं. कोंबड्या, शेळ्या, ट्रॅक्टरचा आवाज, अनोळखी माणसं, लहान मुलं. लहानपणी हे पाहिलेलं पिल्लू मोठेपणी भित्रं होत नाही. जंताचं औषध, लसीकरण आणि त्याचं कार्ड झाल्याशिवाय पिल्लू दारातून बाहेर जात नाही. घेणाऱ्याला काका दोन गोष्टी सांगतात. या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते. काही जुन्या भुलीच्या औषधांतून ती फार उशिरा सावध होतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात सांगायची. दुसरी गोष्ट लेखी असते: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा कुठेही सोडायचा नाही, विकायचा नाही, इथे परत आणायचा.

हे परत घेण्याचं वचन सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लं विकून हात झटकणारा धंदा करतो, जात राखत नाही. तुम्ही कारवान घेणार असाल तर आईला प्रत्यक्ष पाहा, वही मागा, लसीचं कार्ड तपासा आणि एकच प्रश्न विचारा, "जमलं नाही तर परत घ्याल का?" उत्तर "नाही" असं आलं, तर रिकाम्या हाताने परत या.