फुप्फुसाचा जुना आजार आणि उंचावरील प्रवास

केदारनाथ, अमरनाथ, लेह येथे जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये व पर्यटकांमध्ये दमा किंवा ‘सीओपीडी’ असलेल्या व्यक्तीही असतात. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार. औषधांमुळे घरी आटोक्यात असलेला हा आजार उंचावर अल्पावधीत गंभीर रूप धारण करू शकतो.

प्राणवायू का कमी पडतो?

समुद्रसपाटीवर असो वा हिमालयात, हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३,५०० मीटर, केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर, तर अमरनाथची गुहा सुमारे ३,८८० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू जवळपास एक तृतीयांशाने घटतो. निरोगी शरीर जलद व खोल श्वास घेऊन ही तूट काही प्रमाणात भरून काढते. सीओपीडीच्या रुग्णाला श्वास पूर्णपणे बाहेर सोडता येत नाही. त्यामुळे त्याला हे साधत नाही. रक्तातील प्राणवायूची पातळी मुळातच कमी असेल, तर ती वेगाने घसरते.

वेगवान प्रवासाचा धोका

विमानाने लेहला किंवा हेलिकॉप्टरने केदारनाथला पोहोचल्यास चालण्याचे श्रम वाचतात. परंतु शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळत नाही. लेहला उतरल्यावर किमान ४८ तास विश्रांती आवश्यक मानली जाते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये.

निघण्यापूर्वी

फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, सहा मिनिटे चालण्याची चाचणी आणि रक्तातील प्राणवायूची तपासणी करून घ्यावी. घरी विश्रांतीच्या अवस्थेतच ही पातळी ९२ टक्क्यांहून कमी असेल, तर उंचावरील प्रवास टाळणे हिताचे ठरते. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला असल्यास किंवा नुकताच आजार बळावला असल्यासही हेच लागू पडते.

इनहेलर हातातील सामानात, तर थंडीत अंगावरील कपड्यांच्या आतील खिशात ठेवावा. प्राणवायूचा स्वतःचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. त्याविषयी विमान कंपनीशी आधीच संपर्क साधावा. मद्य व झोपेच्या गोळ्या श्वसन मंदावतात, म्हणून त्या वर्ज्य कराव्यात. विरळ हवेच्या त्रासावरील गोळ्याही सीओपीडीच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

लक्षणे ओळखताना

डोकेदुखी, मळमळ व थकवा ही विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासाची लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर पडणे, खोकल्यातून फेसाळ गुलाबी कफ पडणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ‘नेहमीचाच दमा आहे’ असे समजून त्यांकडे दुर्लक्ष करणे प्राणावर बेतू शकते. अशा वेळी प्राणवायू देऊन रुग्णाला विनाविलंब खाली आणणे हाच मुख्य उपाय होय.

अमरनाथ यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तथापि, जुना आजार लपवून मिळवलेले प्रमाणपत्र डोंगरावर उपयोगी पडत नाही. डॉक्टरांना संपूर्ण माहिती देणे आणि त्यांनी नकार दिल्यास तो मान्य करणे, यातच रुग्णाचे व त्याच्या सहप्रवाशांचे हित आहे.