कारागिराचा आरोग्यविमा आणि बदलता व्यवसाय

कतारगाममधील हिऱ्यांच्या कारखान्यांत सकाळी घंट्या फिरू लागल्या, की त्यांच्याभोवती मान वाकवून बसलेले कारागीर दिसतात. त्यांची मजुरी बहुधा नगावर ठरते. या पद्धतीत उभयतांची सोय आहे, हे खरे. परंतु कारागीर आजारी पडला की नग थांबतो आणि नग थांबला की घरची चूल मंदावते. अशा वेळी त्याचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न व्यापारी बंधूंनी शांतपणे विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ च्या अहवालात केला. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. सर्वांनी थोडे थोडे घालावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याने घ्यावे, हे तिचे सूत्र. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या सव्वातीन टक्के व कर्मचाऱ्याची पाऊण टक्का ठरली. म्हणजे २०,००० रुपये वेतनावर मालकाचे ६५० व कारागिराचे १५० रुपये. त्याबदल्यात कुटुंबास औषधोपचार आणि आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

मात्र या हक्काचा पाया नोंद हा आहे. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, किंवा मंदीत ज्याला गावी परतावे लागते, त्याचे छत्र अशा रीतीने उडून जाते. २०१७ पासून लागू झालेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडणारा कुशल कारागीरही बाहेर राहतो.

परदेशातही हीच अडचण आहे. अमेरिकेत १९४२ मध्ये वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा माणसे टिकविण्यासाठी मालक आरोग्यविमा देऊ लागले. तेथे विमा नोकरीस जखडला गेला, आणि नोकरी सुटताच तोही डळमळू लागला.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांच्या रुग्णालयातील खर्चाची सोय केली. पण बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने आणखी एक वाट उघडली आहे. दहांहून कमी माणसांची आस्थापनाही मालक व बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने विमायोजनेत येऊ शकते. लहान कारखानदारांनी ही तरतूद अवश्य समजून घ्यावी.

औषधदानाची आपली परंपरा थोर आहे. परंतु दान घेताना माणसाला हात पसरावा लागतो. विम्याचा लाभ तो हक्काने घेतो. आपल्या वहीत प्रत्येक हिऱ्याच्या वजनाची नोंद असते. तो हिरा घासणाऱ्या हाताचीही तेथे नोंद असावी, एवढेच सांगणे.