घरी आल्यावर बदलणारी मोटारगाडी

जयपूर शहराच्या वायव्येस झोटवाडा नावाचे उपनगर आहे. कारखाने, गुदामे व दुरुस्तीची दुकाने ह्यांनी तो भाग गजबजलेला असतो. त्याच बाजूस खातीपुरा रस्त्यावर बॉल-बेअरिंगे तयार करणारा एक जुना कारखाना आहे. 'नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज' ही त्याची संस्था १९४६ साली स्थापन झाली, आणि 'एनबीसी' ह्या तीन अक्षरांनी तिचा माल देशभर ओळखला जातो. दोन पोलादी कड्यांमध्ये बसविलेल्या गुळगुळीत गोळ्या, एवढेच बेअरिंगचे स्वरूप. परंतु कोणतेही फिरणारे चाक त्यावाचून नीट चालत नाही. असे बेअरिंग एकदा कारखान्याबाहेर पडले की त्याचा गुण कायमचा ठरून गेलेला असतो. वापराने ते झिजेल. पण आपल्या जागी बसल्या बसल्या ते अधिक चांगले कधीही होणार नाही.

यंत्राविषयी मनुष्याची पूर्वापार हीच समजूत आहे. आपल्या घरातील जाते घ्या. त्याचे दगड गुळगुळीत झाले की टाकी लावणारी बाई दारी येई, घरधनीण समोर बसून तिच्याकडून काम करून घेई, आणि जाते पूर्ववत दळू लागे. मालकिणीला न विचारता जात्यात कोणताही बदल होत नसे, आणि झालेला बदल डोळ्यांना दिसत असे.

आजच्या उंची विद्युत्-मोटारगाडीने ही समजूत बदलून टाकली आहे. रात्री अंगणात उभी केलेली गाडी सकाळी निराळ्या गुणांची झालेली असू शकते. तिचे ब्रेक पूर्वीपेक्षा चांगले लागतात. किंवा एका भरणीत ती जितके अंतर जात असे, त्याहून कमी जाऊ लागते. म्हणूनच अशा गाडीच्या मालकाला समाधान वाटते की नाही, हे आता केवळ खरेदीच्या दिवशी ठरत नाही. पुढील कित्येक वर्षे ते पुनःपुन्हा ठरत राहते. हे कसे घडते, ते आपण पाहू.

गाडीतील संगणक

जुन्या मोटारगाडीत चालकाचा पाय आणि इंजिन ह्यांच्यामध्ये तार, दांडा अथवा तेलाची नळी असे. विद्युत्-मोटारगाडीत पायाच्या दाबाचे प्रथम विद्युत्-संकेतात रूपांतर होते. तो संकेत एका छोट्या संगणकाकडे जातो, आणि चाके फिरविणाऱ्या चलित्राला किती वीज द्यावयाची हे तो संगणक ठरवितो. असे नियंत्रक एका गाडीत अनेक असतात. एक बॅटरीतील प्रत्येक घटगटाचा दाब व तापमान पाहतो. दुसरा ब्रेक सांभाळतो. तिसरा समोरचा पडदा, नकाशे व ध्वनी ह्यांची व्यवस्था लावतो.

ह्या नियंत्रकांनी कोणत्या प्रसंगी काय करावे, ह्याचे नियम आज्ञावलीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेले असतात. गाडी मंदावताना चलित्राने जनित्राचे काम करून किती वीज बॅटरीत परत भरावी, हा असा एक नियम आहे. बॅटरी कितपत भरू द्यावी, हा दुसरा. पोलाद, तांबे आणि लिथियम तेच राहते. नियम बदलला की त्यांचे वर्तन बदलते.

सुधारणा गाडीपर्यंत कशी पोचते

पूर्वी आज्ञावली बदलावयाची तर गाडी दुरुस्तीशाळेत न्यावी लागे. २०१२ साली अमेरिकेतील टेस्ला कंपनीची 'मॉडेल एस' ही गाडी बाजारात आली. दूरध्वनीच्या बिनतारी जाळ्यातून गाडीला नवी आज्ञावली धाडण्याची प्रथा पुढे रूढ झाली, ती मुख्यतः ह्या गाडीमुळे.

हा प्रवास सोपा वाटला तरी त्यात सावधगिरीच्या बऱ्याच पायऱ्या असतात. आज्ञावलीबरोबर कारखान्याची सांकेतिक सही येते. सहीचा मेळ बसला नाही तर गाडीने ती आज्ञावली स्वीकारता कामा नये. नाही तर कोणीही परका गाडीचा ताबा घेऊ शकेल. ही भीती काल्पनिक नाही. २०१५ साली दोन संशोधकांनी एका जीप गाडीचे नियंत्रण दूर अंतरावरून आपल्याकडे घेऊन दाखविले, आणि उत्पादकाला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दुसरी खबरदारी स्मृतीची. चांगल्या रचनेत स्मृतीचे दोन कप्पे ठेवतात. चालू आज्ञावली एका कप्प्यात राहते, नवी दुसऱ्यात उतरते, आणि काही बिघडले तर गाडी जुन्या कप्प्याकडे परतते. तिसरी खबरदारी अशी की, गाडी उभी असताना आणि बॅटरीत पुरेशी वीज असतानाच हे काम करावयाचे.

इतके करूनही चूक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील रिव्हियन ह्या कंपनीने चुकीची सुरक्षा-प्रमाणपत्रे जोडलेली आज्ञावली धाडली. ज्या गाड्यांनी ती उतरवून घेतली, त्यांचे पडदे निकामी झाले. गाड्या चालत होत्या. पण मालकांना ह्या चुकीचा बराच मनस्ताप झाला.

सुमारे पावणेसहा मीटर

लाभाचे एक उदाहरण मुद्दाम तपशिलाने पाहण्यासारखे आहे. २०१८ साली 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' ह्या अमेरिकन ग्राहक-संस्थेने टेस्लाच्या 'मॉडेल ३' ची परीक्षा घेतली. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६.६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण थांबण्यास १५२ फूट घेते, असे आढळले. हे अंतर अधिक आहे, असे सांगून संस्थेने गाडीची शिफारस करण्याचे नाकारले. काही दिवसांतच कंपनीने चाके न घसरू देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेच्या नियमांत बदल करून तो बिनतारी मार्गाने धाडला. फेरपरीक्षेत तेच अंतर १३३ फूट भरले. ब्रेकचा एकही भाग बदललेला नव्हता.

कमी झालेले १९ फूट म्हणजे सुमारे पावणेसहा मीटर. ह्याचे महत्त्व थोड्या गणिताने कळेल. गाडी एकसारख्या प्रमाणात मंदावते असे धरले, तर शिल्लक वेगाचा वर्ग हा शिल्लक अंतराच्या प्रमाणात असतो. सुधारलेली गाडी १३३ फुटांवर थांबली, तेव्हा जुनी गाडी थांबण्यास १५२ पैकी १९ फूट, म्हणजे एक-अष्टमांश अंतर बाकी होते. एक-अष्टमांशाचे वर्गमूळ सुमारे ०.३५. त्याला ९६.६ ने गुणले की ३४ येतात. म्हणजे ज्या जागी सुधारलेली गाडी स्थिर उभी आहे, त्याच जागी जुनी गाडी अजून ताशी ३४ किलोमीटर वेगाने धावत असेल. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असते, तर हा बदल जीव वाचविणारा ठरला असता.

मात्र ह्याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. ग्राहक-संस्थेने मोजले नसते, तर पहिल्या आज्ञावलीतील उणीव किती काळ तशीच राहिली असती? 'नंतर सुधारता येईल' ही सोय अपुरा माल लवकर विकण्याचे निमित्त होऊ शकते.

कमी झालेला पल्ला

२०१९ च्या वसंत ऋतूत चीनमध्ये टेस्लाच्या गाड्यांना आग लागल्याच्या घटना घडल्या. खबरदारी म्हणून कंपनीने नवी आज्ञावली धाडली. लिथियमचा घट पूर्ण भरला की त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, आणि जितका दाब अधिक तितका घटावरील ताणही अधिक. म्हणून काही जुन्या 'मॉडेल एस' गाड्यांच्या बॅटरीला पूर्ण दाबापर्यंत भरण्यास आज्ञावलीने मनाई केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात अर्थ होता. पण बॅटरी कमी भरली म्हणजे पल्लाही कमी झाला. आणि ज्या पल्ल्यासाठी मालकांनी पैसे मोजले होते, तो त्यांच्या संमतीवाचून गेला. प्रकरण न्यायालयात गेले व २०२१ साली कंपनीने १५ लाख डॉलरांची तडजोड मान्य केली. दरम्यान नंतरच्या आज्ञावल्यांनी बहुतेक गाड्यांवरील मर्यादा उठली होती. मालकांचा मुख्य रोष असा होता की, असा बदल करताना त्यांना सरळ शब्दांत कळविले गेले नाही.

झिजणारी स्मृती

आज्ञावली झिजत नाही, असे आपण म्हणतो. परंतु ती ज्या स्मृतीत राहते, ती स्मृती झिजते. चकतीच्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्-भार कोंडून ही स्मृती माहिती साठविते. प्रत्येक नव्या लेखनाच्या वेळी हा भार एका अत्यंत पातळ थरातून ढकलावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो थर किंचित दुबळा होतो. हजारो लेखनांनंतर कप्पा निकामी होतो. २०१२ ते २०१८ ह्या काळातील अनेक 'मॉडेल एस' व 'मॉडेल एक्स' गाड्यांत ८ गिगाबाइटची अशी स्मृती होती. गाडी स्वतःच्या नोंदी तिच्यात सतत लिहीत राही. काही वर्षांत पडदे काळे पडू लागले, मागील दृश्य दिसेनासे झाले, काचेवरील बाष्प घालविण्याचे नियंत्रण बंद पडले. २०२१ साली सुमारे १,३५,००० गाड्या ह्या एका कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या. ह्या स्मृतीलाही बेअरिंगप्रमाणे आयुर्मर्यादा होती.

मालकी कोणाची?

मालकाच्या मनाला अधिक टोचणारा प्रश्न निराळाच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने अमेरिकेत आपल्या काही विद्युत्-गाड्यांसाठी अधिक वेगवृद्धी वर्षाला १,२०० डॉलर घेऊन देऊ केली. चलित्र तेच, वर्गणी भरली की आज्ञावली त्याला अधिक जोर करू देणार. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत आसन उबदार करण्याच्या सोयीवर मासिक वर्गणी लावली, परंतु लोकांना ते रुचले नाही व पुढील वर्षी कंपनीने ती पद्धत सोडून दिली. आसनातील तारा तर आधीच विकत घेतलेल्या होत्या!

वर्गणी नको असेल तर भरू नये. पण कंपनीच बुडाली तर? फिस्कर ह्या अमेरिकन कंपनीने 'ओशन' नावाची गाडी काढली आणि जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आज्ञावलीत दोष बाकी होते, आणि ते दूर करणारे हात राहिले नाहीत. तेव्हा मालकांनी स्वतःची संघटना उभारून सुटे भाग व आज्ञावली ह्यांची सोय लावण्याची खटपट आरंभिली. जुन्या गाडीचा उत्पादक गेला तरी झोटवाड्यासारख्या वस्तीतील कुशल कारागीर ती चालू ठेवू शके. आज्ञावली मात्र किल्लीवाचून उघडत नाही, आणि ती किल्ली उत्पादकापाशी असते.

आपल्या देशात

ही हकीकत आता परदेशापुरती उरलेली नाही. पुण्याजवळील चाकण येथे मर्सिडीज-बेंझची 'ईक्यूएस ५८०' ही गाडी जुळविली जाऊ लागली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती १ कोटी ५५ लाख रुपये किमतीस बाजारात आली. भारतीय परीक्षण-पद्धतीनुसार तिचा प्रमाणित पल्ला ८५७ किलोमीटर आहे. महिंद्र कंपनीच्या 'बीई ६' व 'एक्सईव्ही ९ई' ह्या नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढे आलेल्या गाड्याही चाकणच्याच. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दालन उघडले.

अशा गाड्यांसाठी नियम हवेत, हे जगाने ओळखले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जून २०२० मध्ये दोन नियम संमत झाले: १५५ क्रमांकाचा संगणकीय सुरक्षेविषयी, व १५६ क्रमांकाचा आज्ञावलीच्या सुधारणेविषयी. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना ते लागू आहेत. सुधारणा कशासाठी आहे व तिने काय बदलेल हे वापरणाऱ्यास सांगावे. ती फसल्यास गाडी पूर्वस्थितीत अथवा सुरक्षित स्थितीत यावी. पुरेशी वीज असेल तरच काम सुरू करावे, ही १५६ व्या नियमातील मुख्य कलमे होत. ह्याच धर्तीवर भारतात 'एआयएस-१८९' व 'एआयएस-१९०' ही मानके तयार करण्यात आली. वाहनांच्या परीक्षणाचे व मानकांचे मोठे काम १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेत चालते.

समाधान कसे मोजावे?

मालकांच्या समाधानाची पाहणी करणाऱ्या संस्था आहेत. त्यांपैकी जे. डी. पॉवर ह्या संस्थेची नव्या गाड्यांविषयीची प्रसिद्ध पाहणी खरेदीनंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील अनुभव विचारते. पडदा, ध्वनी व फोनची जोडणी ह्यांविषयीच्या तक्रारी तीत ठळकपणे पुढे येत आल्या आहेत. परंतु नव्वद दिवसांत न स्मृती झिजते, न कंपनी बुडते. गाडी दहा-पंधरा वर्षे वापरावयाची असेल, तर समाधानही तेवढ्या मुदतीचे मोजले पाहिजे.

म्हणून विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. सुधारणेत काय बदलले हे मालकाच्या भाषेत सांगितले का? नको म्हणण्याची अथवा लांबणीवर टाकण्याची मुभा होती का? आधी मिळालेले काही हिरावले गेले का? आणि किती वर्षे सुधारणा मिळत राहील, ह्याचे लेखी वचन आहे का? ह्या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर बिनतारी सुधारणा हे खरोखर वरदान आहे. २०१८ मधील पावणेसहा मीटरांनी ते सिद्ध केले आहे. जात्याला टाकी लावताना घरधनीण समोर बसत असे, ती टाकी लावणारीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर जाते तिचे होते म्हणून. विद्युत्-मोटारगाडीच्या मालकाचे मागणे ह्याहून निराळे नाही.