बंबाला धुराडं होतं

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या घरांत तांब्याचा बंब परसात, नाहीतर पडवीत असायचा. मधोमध उभा नळा. त्यात काटक्या-चिपाडं टाकायची, भोवतालचं पाणी तापायचं आणि धूर वरच्या वर निघून जायचा. पाणी बादलीने मोरीत यायचं, विस्तव बाहेरच राहायचा.

ओतूर, मंचर, घोडेगावात आता बऱ्याच घरी भिंतीवर गॅस गिझर आला. वीज असो-नसो, दीड व्होल्टच्या दोन सेलवर तो पेटतो. नळ सोडला की पाण्याचा दाब आतला रबरी पडदा ढकलतो, स्विच दबतो, ठिणगी पडते, गॅसची वाट उघडते. सोय मोठी, पण तिच्यापायी आपण विस्तव आत आणला आणि वर दाराला कडी घातली.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर १० मिनिटांत साधारण १७० ग्रॅम गॅस लागतो. तो पुरता जळायला सव्वादोन घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू हवा. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच मुळी साडेपाच घनमीटर. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडी काढायचं त्राण उरत नाही. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृत आढळलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला.

या गिझरसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५५५८ हे २००५ चं मानक आहे. ज्योत विझली तर गॅस तोडणारी, पाणी फार तापलं तर थांबवणारी, वीसेक मिनिटांनी आपोआप बंद करणारी अशी साधनं अनेक गिझरांत असतात. पण त्यांची नजर ज्योतीवर, पाण्यावर आणि घड्याळावर. विषारी वायू तर ज्योत जळत असतानाच तयार होतो! हवेवर नजर ठेवणारा प्राणवायू-सेन्सर वेगळा. हवेतला २१ टक्के प्राणवायू १८ च्या आसपास उतरला की तो गॅस तोडतो. घेताना तो आहे का, हे विचारावं. परदेशात बंद पेटीचे गिझरही असतात: जळायची हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेरच सोडायचा.

आपल्याकडे त्याहून सोपी सोय आहे. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेतल्या भिंतीवर टांगायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा. खर्च काय तो चार-सहा फूट जास्तीच्या पाइपचा. कुठल्या भिंतीला भोक पाडू, असं प्लंबरने विचारलं, की पूर्वी बंब जिथे असायचा तिकडे बोट दाखवायचं.